मधुमेहावर स्टेम सेल : मुलासाठी चार लाख भरावेत का?

ओवळांची_माळ
नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर दिसते. आज वेगळंच विचारायचं आहे.

मुलगा ११ वर्षांचा. गेल्या वर्षी गणेश चवथीच्या आधी सारखं पाणी पिऊ लागला, रात्री चार-चार वेळा उठायचा. मी म्हटलं, उकाडा आहे. मग उलट्या, धाप, इस्पितळ. टाइप १ मधुमेह. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं. रात्री अडीचला मी मोबाइलच्या उजेडात त्याचं बोट टोचते. आता तो जागाही होत नाही, झोपेतच अनामिका पुढे करतो. ते बघून काय होतं ते सांगता येत नाही.

माझे दीर दुबईला असतात. त्यांनी बातमी पाठवली : स्टेम सेलपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी बनवल्या, रुग्णांची इंजेक्शनं बंद झाली. नेमकी त्याच आठवड्यात फोनवर एका केंद्राची जाहिरात आली (गोव्यातलं नाही). फोन केला. मुलाच्या पोटाची चरबी काढून तिच्यातल्या स्टेम सेल परत टोचणार, तीन बैठका, चार लाख, सहा महिन्यांत इन्सुलिन बंद. सोमवारपर्यंत भरले तर पन्नास हजार कमी. सासूबाई पाटल्या मोडायला निघाल्यात.

बातमी खरी आहे का? आणि खरी असेल तर हे केंद्र तेच करतंय का?

वाचनमात्र
पन्नास हजार कमी? फ्रीज घेताय की उपचार?

उकडं_शीत
ताई, आधी बाळाला आशीर्वाद. मी म्हापशाचा, वय ६३, मधुमेह १९ वर्षांचा जुना. माझाही प्रश्न यातच घालतो : आम्हा म्हाताऱ्यांसाठी काही आहे का? गोव्यात काय कमी गिऱ्हाईकं आहेत! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमधल्या मधुमेहात आपण देशात पहिले आलो, २६.४ टक्के. चौघं पत्ते खेळायला बसले की एक जण चहा बिनसाखरेचा मागणारच. आमच्या फडात तर तिघं मागतात.

भाटकार७२
कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड. आमच्या वडिलांना गुण आला होता.

सांज_दिवली
@भाटकार७२, काका, तुमच्या वडिलांचा टाइप २ असणार. मी टाइप १, बावीस वर्षं झाली, गाव साखळी. आमच्या अंगात इन्सुलिन बनतच नाही. कारलं खाऊन नाही बनत. कृपा करून ताईंच्या मुलाला कुणी 'इन्सुलिन थांबवून बघा' म्हणू नका. माझ्या आजीने एकदा एका बुवाच्या शब्दावर माझं इन्सुलिन बंद केलं होतं, तिसऱ्या दिवशी मी अतिदक्षता विभागात होते.

भाटकार७२
थांबवा असं म्हटलेलं नाही. पण ठीक, मागे घेतो.

तळपण
मी काणकोणचा. पेशीजीवशास्त्र शिकलो, सध्या पुण्यात प्रयोगशाळेत नोकरी. मधुमेहावर काम करत नाही, पण पेशी वाढवण्यातच आयुष्य चाललंय. जमेल तसं सांगतो. लांबेल.

स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटं असतात. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन करतात. ही पेशी म्हणजे नुसता पंप नाही, मीटर आणि पंप एकातच. रक्तातली साखर पेशीत शिरते, जळते, त्या ऊर्जेने पेशीच्या कातडीवरची पोटॅशियमची दारं बंद होतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पुड्या बाहेर पडतात. जेवढी साखर, तेवढंच इन्सुलिन. ताई रात्री अडीचला जे करतात ते ही पेशी अष्टौप्रहर न सांगता करत असते.

टाइप १ मध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच या पेशींना परकं समजून मारते. कुंपणानेच शेत खाल्लं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता स्टेम सेल. बातमीतली स्टेम सेल म्हणजे गर्भाच्या सुरुवातीच्या काळातली, अजून काहीच न ठरलेली पेशी. मानवी गर्भातल्या अशा पेशी १९९८ मध्ये पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. पुढे जपानच्या शिन्या यामानाकांनी मोठ्या प्राण्याची साधी पेशीच मागे नेऊन 'बाळपेशी' करता येते हे दाखवलं, उंदरात २००६, माणसात २००७. २०१२चं नोबेल त्यावरच.

पण बाळपेशीला 'हो बीटा' म्हटलं म्हणून ती होत नाही. गर्भात स्वादुपिंड ज्या पायऱ्यांनी घडतं त्याच पायऱ्या भांड्यात घडवाव्या लागतात. एकेका पायरीला वेगळी रसायनं, ठरलेल्या दिवशी घालायची आणि ठरलेल्या दिवशी काढायची. साधारण पाच-सहा आठवडे. काजूचा रस, मग उराक (पहिल्या धारेची दारू), मग फेणी असं समजा. मध्येच उतरवली तर ती फेणी नव्हे. आणि इथे उराक शिल्लक राहिली तर भागत नाही : एखादी कच्ची बाळपेशी मिसळून गेली तर तिची शरीरात गाठ होऊ शकते.

जेवून येतो, उरलेलं मग.

उकडं_शीत
विज्ञान इतकं स्वच्छ आम्हाला कुणी शिकवलंच नाही. उराकपर्यंत सगळं समजलं.

वाचनमात्र
काका, तुम्हाला उराक चालत नाही. मीटर बघा.

उकडं_शीत
वासाने शुगर वाढत नाही रे.

कुळागर
ओवळांची_माळ ताई, थांबा. एक पैसा भरू नका.

मी हे इथे कधी लिहिलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीला टाइप १ निघाला. ती तेव्हा नऊची. दोन महिन्यांत एका केंद्रात गेलो (नाव लिहीत नाही, वकिलाने सांगितलंय). तुमच्यासारखंच : चरबी, तीन बैठका. पहिल्या बैठकीनंतर खरंच इन्सुलिन कमी झालं. २२ युनिटवरून ८. घरात सत्यनारायण घातला. मी स्वतः तीन पालकांना फोन करून सांगितलं, जा म्हणून. त्यातले दोघे गेले.

पाचव्या महिन्यापासून परत चढायला लागलं. वर्षाच्या शेवटी २६. केंद्र म्हणालं, चौथी बैठक घ्या.

आमच्या डॉक्टरांनी मग समजावलं की निदान झाल्यावर इन्सुलिन सुरू केलं की उरलेल्या थोड्या बीटा पेशींना विसावा मिळतो आणि त्या काही महिने पुन्हा काम करतात. त्याला 'हनीमून' काळ म्हणतात. नंतर त्याही जातात. म्हणजे मुलीचं इन्सुलिन तसंही उतरणारच होतं. त्याच वेळी आम्ही तिथे पोचलो आणि श्रेय टोचण्याला दिलं. पैसे गेले ते गेले. मी ज्या दोघांना पाठवलं, त्यांतला एक आजही माझ्याशी बोलत नाही.

ओवळांची_माळ
केंद्राने मला एका पालकांचा नंबर दिला होता. ते म्हणाले, मुलाचं इन्सुलिन निम्मं झालं. मी विचारलं नाही की निदान होऊन किती महिने झाले.

कुळागर
विचारा. तो माणूस खोटं बोलत नसेल. मीही नव्हतो बोलत.

मामलेदार
सगळं वाचलं. दुसरी बाजू मांडतो. केंद्रं फसवतात हे मान्य, पण मोठ्या कंपन्या तरी कुठे साव आहेत? बरा झालेला रुग्ण म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक. इन्सुलिनचा धंदा बुडेल असं औषध ते बाजारात येऊच देणार नाहीत.

तळपण
जेवलो. @मामलेदार, यात दोन गोष्टी आहेत.

इन्सुलिन शोधणाऱ्यांनी १९२३ मध्ये पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिलं. नंतर त्याचा धंदा झाला, मान्य. पण हे पेशींचं काम पुढे रेटलं ते एका बापाने. हार्वर्डचे डग्लस मेल्टन मुळात बेडकाच्या गर्भावर काम करायचे. १९९१ मध्ये त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला, सॅमला, टाइप १ निघाला. त्यांनी विषयच बदलला. २००१ मध्ये मुलीला, एमाला, तेच. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने साखरेला प्रतिसाद देणाऱ्या बीटा पेशी कोट्यवधींच्या संख्येने करून दाखवल्या. कंपनी काढली तिचं नाव सेमा, सॅम आणि एमा मिळून. २०१९ मध्ये ती व्हर्टेक्स या अमेरिकी औषध कंपनीने ९५ कोटी डॉलरला घेतली, आणि व्हर्टेक्स इन्सुलिन विकत नाही. तेव्हा जुनं गिऱ्हाईक राखायचा त्यांचा काही सवालच येत नाही. नवं पकडायचा येतो.

मामलेदार
म्हणजे धंदा आहेच. फक्त दुसऱ्याचा.

तळपण
अर्थातच. ९५ कोटी डॉलर कुणी दानधर्मात टाकत नाही.

आता ताईंच्या बातमीकडे. ती खरी आहे. जून २०२५ मध्ये या पेशींच्या उपचाराचे (नाव झिमिसलसेल) निकाल न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आले. पूर्ण मात्रा, म्हणजे ८० कोटी पेशी, बारा जणांना एकदाच दिली. यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून सोडल्या, त्या यकृतात जाऊन बसल्या. वर्षानंतर बारांपैकी दहा जणांना बाहेरून इन्सुलिन लागत नव्हतं.

आता कुंपण आठवा. या पेशी परक्या, त्यामुळे शरीर मारणार. शिवाय मूळ रोगही बीटा पेशींनाच मारणारा. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची घ्यावी लागतात. या चाचणीत दोन मृत्यू झाले. एक मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गाने, ज्याचा संबंध या दाबणाऱ्या औषधांशी होता. दुसरा रुग्णाच्या मेंदूच्या आधीपासूनच्या आजारामुळे. आणि घेतलेली माणसं कोण? प्रौढ, ज्यांची साखर न कळताच इतकी खाली जायची की जिवावर बेतावं. अकरा वर्षांचं, इन्सुलिनवर ठीक चाललेलं मूल त्यात बसत नाही. उद्या बसलं तरी मी बाप असतो तर आज दिलं नसतं.

स्टेथो
तळपण यांच्याशी सहमत. मी फिजिशियन आहे, इथे सल्ला देत नाही, फक्त एवढं : 'बरा झाला' आणि 'इन्सुलिनऐवजी दुसऱ्या गोळ्या आल्या' यांत फरक आहे. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला जरा विचारा, त्या गोळ्या सांभाळणं म्हणजे काय. पण ज्याला मूत्रपिंडासाठी त्या आधीच चालू आहेत, त्याच्यासाठी हिशेब उलटतो.

उकडं_शीत काका, टाइप २ मध्ये मुळात दुखणं वेगळं. इन्सुलिन असतं, शरीर त्याला जुमानत नाही, पेशी दमत दमत जातात. शांघायला ५९ वर्षांच्या एका टाइप २ रुग्णाला स्टेम सेलपासून केलेली बेटं दिली आणि अकरा आठवड्यांनी त्याचं इन्सुलिन सुटलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मूत्रपिंड आधीच बदललेलं असल्याने दाबणारी औषधं त्याला चालूच होती. एक रुग्ण. तुम्ही तूर्त दुपारचं शीत (भात) आवरा.

उकडं_शीत
डॉक्टर, शीत आवरलं तर आयडी बदलावा लागेल.

ओवळांची_माळ
मग चरबीचं काय? दिरांनी दुसरी एक बातमी पाठवली, चीनमधल्या मुलीच्या चरबीपासूनच केलं आणि ती बरी झाली. केंद्रवालेही तीच दाखवतात.

तळपण
ही नेमकी ठेचेची जागा.

चीनची बातमीही खरी. २५ वर्षांची तरुणी, टाइप १. तिच्याच चरबीतल्या पेशी घेतल्या, पण तशाच टोचल्या नाहीत. पेकिंग विद्यापीठाच्या देंग होंगकुईंच्या गटाने रसायनांनी त्या पेशी मागे नेऊन बाळपेशी केल्या, मग पायऱ्या चढवत बेटं केली, तपासली, आणि २०२३ मध्ये पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवली. ७५ दिवसांनी इन्सुलिन सुटलं. तिचं यकृत आधी बदललेलं होतं, त्यामुळे दाबणाऱ्या गोळ्या तिलाही चालूच होत्या. पेशी स्वतःच्या असल्या तरी कुंपण शेत खातंच का, हे तिच्यावरून कळत नाही.

तुमचं केंद्र चरबी काढतं, गाळतं आणि त्याच दिवशी परत टोचतं. मधली सगळी भट्टीच नाही. काजूचं बोंडू पिळून रस दिला आणि बाटलीवर फेणी लिहिलं. चरबीतली पेशी अंगात जाऊन आपण होऊन बीटा होत नाही.

मामलेदार
माझ्या नातवाच्या वेळी नाळेतलं रक्त साठवायला एजंट आला होता. पुढे मधुमेह झाला तर उपयोगी पडेल म्हणाला. तेही हेच का?

स्टेथो
नाळेतल्या पेशी रक्त बनवणाऱ्या. रक्ताच्या काही आजारांत दुसऱ्याच्या नाळेतलं रक्त उपयोगी पडतं, मधुमेहात नाही. खासगी बँकेत पैसे भरून साठवण्याची शिफारस आयसीएमआर करत नाही.

मामलेदार
झालं. हप्ते भरून संपले.

सांज_दिवली
मला आतून काय वाटतं ते लिहू का? २००३ पासून मी 'पाच वर्षांत औषध येणार' ऐकतेय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सातवीत होते. आईने ते कात्रण देव्हाऱ्यात ठेवलं होतं, अजून आहे, पिवळं झालंय. म्हणून मला बातम्यांचा राग यायचा.

पण या वेळी बारांपैकी दहा वाचलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. मला दाबणाऱ्या गोळ्या नकोत, मूल हवंय. तरी रडले. बीटा पेशी भांड्यात होते आणि माणसात काम करते, ही गोष्ट आता कुणी नाकारू शकत नाही. राहिलं ते कुंपण.

@तळपण, त्यावर काही चाललंय का? मी ऐकलं की पेशी डबीत घालतात.

तळपण
डबीचा विचार जुना. अशी जाळी की साखर-इन्सुलिन आरपार जाईल, मारेकरी पेशी नाही. अडचण ही की शरीर डबीभोवती जाड पापुद्रा धरतं आणि आतल्या पेशी प्राणवायूविना गुदमरतात. व्हर्टेक्सचीही एक डबी होती, पुरेसं इन्सुलिन बनेना म्हणून मार्च २०२५ मध्ये ते काम थांबवलं.

दुसरी वाट मला जास्त आवडते : पेशींचे जनुक असे बदलायचे की पहारेकऱ्याला त्या दिसूच नयेत. स्वीडनमध्ये उप्साला इथे एका माणसाच्या हाताच्या स्नायूत अशा बदललेल्या पेशी घातल्या. दाबणारी एकही गोळी नाही. पेशी जगल्या आणि इन्सुलिन करत राहिल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये छापून आलं. त्या पेशी स्टेम सेलपासूनच्या नव्हत्या, मृत दात्याच्या होत्या, आणि मात्रा मुद्दाम थोडी दिली होती, त्यामुळे त्याचं इन्सुलिन सुटलं नाही. आता हीच युक्ती भांड्यातल्या पेशींना लावायची. मग दाता लागणार नाही, गोळ्या लागणार नाहीत.

सांज_दिवली
पाच वर्षांत? :)

तळपण
तो आकडा मी तोंडातून काढणार नाही.

भाटकार७२
धागा बराच लांब गेला. मूळ प्रश्न चार लाखांचा होता. सोमवार उद्या आहे.

स्टेथो
बरं झालं आठवण केली. ताई, केंद्राला दोनच गोष्टी विचारा. एक, ही चाचणी आहे का, आणि असल्यास सीटीआरआयचा (देशातल्या अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय. दोन, चाचणी असेल तर पैसे कशाचे? आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रक्तपेशी-प्रत्यारोपण सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून शुल्क घ्यायचं नसतं.

ओवळांची_माळ
फोन केला. नोंदणी क्रमांक विचारला तर मुलगी म्हणाली, 'मॅडम, सरांशी बोलून सांगते.' मग सर आले. ते म्हणाले, ही चाचणी नाही, सिद्ध उपचार आहे. मग म्हटलं, सी-पेप्टाइड किती वाढतं, रिपोर्ट दाखवा. (हे मी रात्रभर बसून वाचलं. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा हा तुकडा सोबत सुटतो. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, त्यामुळे शरीराने स्वतः किती इन्सुलिन केलं ते त्याच्यावरून कळतं.) तर म्हणाले, इतका अविश्वास असेल तर देवसुद्धा बरं करणार नाही. आणि पन्नासच्या ऐवजी पाऊण लाख कमी करतो.

मी फोन ठेवला.

वाचनमात्र
सी-पेप्टाइडवर गार केलंत ताई. _/\_

कुळागर
हे मी सहा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.

ओवळांची_माळ
तुम्ही लिहिलंत म्हणून मी विचारलं. त्या दुसऱ्या पालकांनाही फोन केला. त्यांच्या मुलाचं निदान होऊन चार महिने झालेत. मी त्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, दुसरी बैठक गुरुवारी आहे.

सासूबाईंना सांगायचं काम कठीण होतं. 'तिकडे दहा जण बरे झाले, मग आमच्या बाळाला का नको,' हेच. शेवटी नवऱ्याने त्यांना उराक-फेणी समजावली. त्या म्हणाल्या, 'म्हणजे अजून भट्टीवर आहे.' हो म्हटलं. पाटल्या परत डब्यात गेल्या. त्यातली एक मोडून सतत साखर दाखवणारा दंडावरचा सेन्सर घ्यायचं चाललंय, म्हणजे रात्री बोट तरी सुटेल.

आता सांज_दिवलीला एक विचारते, बाकीचे हसा हवं तर. पुढच्या आठवड्यात चवथ. गेल्या वर्षी तो इस्पितळात होता, एकही नेवरी (करंजी) खाल्ली नाही. या वर्षी किती देऊ?

सांज_दिवली
दोन. पण आधी एक करा : सगळ्या नेवऱ्या एकाच साच्यातून काढा आणि एकीत सारण किती ग्रॅम, पारी किती ग्रॅम ते वजन करून त्याच्या वहीत त्यालाच लिहायला लावा. युनिट तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणातून त्यालाच काढू दे, तुम्ही फक्त तपासा. तळलेलं असतं म्हणून साखर उशिरा चढते, तेव्हा तीन तासांनी परत बघा. आणि ताटात एकदम दोन्ही वाढा. एक दिली आणि दुसरीसाठी मागायला लावलं ना, ते मी विसरलेले नाही.

उकडं_शीत
आणि ६३ वर्षांच्या मुलाला किती?

स्टेथो
अर्धी. चतकोरही चालेल.